मानेवर पेट्रोलचे थेंब

काही वर्षांपूर्वी एका रविवारी सकाळी छोट्या विमानात बसण्याची माझी हौस जमिनीवरच फिटली. माझे एक स्नेही हौशी वैमानिक आहेत. त्यांच्या क्लबचे विमान दोन माणसांचे, आतून आमच्या जुन्या फियाटपेक्षाही अरुंद. उडण्याआधी त्यांनी विमानाला एक सावकाश प्रदक्षिणा घातली, पंखांवरून हात फिरवला, टाकीच्या तळाची तोटी दाबून पेलाभर पेट्रोल काढले आणि ते उजेडाकडे धरून पाहिले. देवळात तीर्थ घ्यावे तसा त्यांचा चेहरा गंभीर होता आणि मला हसू येत होते. मग आम्ही आत बसलो, पट्टे आवळले. किल्लीकडे गेलेला त्यांचा हात मधेच थांबला. त्यांनी एकदा नाक ओढले, सगळी बटणे बंद केली आणि मला खाली उतरायला सांगितले.

विमानाच्या पोटाखाली निळसर रंगाचा एक ओघळ होता. शाईत बुडवलेले बोट एखाद्या पोराने पुसावे तेवढाच. त्याच्या टोकाला एक थेंब लोंबत होता. तो पडला, दुसरा तयार झाला. बस्स, एवढेच! लहान विमानांच्या पेट्रोलमध्ये निळा रंग घातलेला असतो. पेट्रोल उडून गेले तरी रंग मागे राहतो आणि चहाडी करतो. त्या दिवशी उड्डाण रद्द झाले.

मला मनातून राग आला होता. आमच्या घरचा स्टो माझ्या लहानपणी सदैव गळायचा. आई कधी वायसर बदलून, तर कधी भेगेवर साबण लावून वेळ भागवायची आणि त्याच स्टोवर आमची पुरणपोळी व्हायची. परतीच्या वाटेवर मी हे बोलून दाखवल्यावर स्नेही म्हणाले की रॉकेल आणि पेट्रोल यांना एका पंगतीत बसवू नका. रॉकेल तापवल्याशिवाय सहसा पेट घेत नाही. पेट्रोलची वाफ मात्र हाडे गोठवणाऱ्या थंडीतही निघत असते आणि पेटते ती ही वाफच. हवेत तिचे प्रमाण साधारण दीड टक्क्यापासून साडेसात टक्क्यांपर्यंत असले की ठिणगीचाच अवकाश. त्यात ही वाफ हवेहून जड. ती वर उडून जात नाही, विमानाच्या पोटात तळाशी दबा धरून बसते. मोटार पेटली तर दार उघडून पळता येते. विमानाचे तसे नाही.

मग त्यांनी मला विचारले, अमेलिया इअरहार्ट माहीत आहे ना? मला माहीत होती ती पॅसिफिक महासागरावर नाहीशी झालेली बाई. तिचे काय झाले, ती बेटावर उतरली का, जपान्यांनी धरली का, या चर्चा मीही चवीने वाचल्या होत्या. स्नेही म्हणाले, ते सोडा. मानेवर पेट्रोल ठिबकत असताना आणि समोर इंजिनाजवळ ज्वाळा दिसत असताना तिने अटलांटिक कसा ओलांडला, ते वाचा. तेव्हापासून तिच्याबद्दल मिळेल ते मी वाचत आलो आहे. तिच्या शेवटाचे गूढ उकलण्याची माझी पात्रता नाही. पण तिचे आयुष्य या एका वासाच्या मागोमाग पाहिले, तर ती मला नव्याने दिसते.

अमेलियाचा जन्म २४ जुलै १८९७ रोजी अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या अ‍ॅचिसन गावी, आजोळी झाला. आजोबा निवृत्त न्यायाधीश, घर खातेपिते. वडील रेल्वेचे वकील. माणूस हुशार आणि प्रेमळ, पण पुढे दारूच्या आहारी गेलेला. त्यामुळे दोघी बहिणींचे बालपण या गावाहून त्या गावाला बिऱ्हाड हलवण्यात गेले. सात वर्षांची असताना तिने छपराच्या छपरीवरून खाली फळ्या लावून घसरगुंडीची गाडी केली आणि खोक्यात बसून स्वतःला खाली सोडले. ओठ फुटला, कपडे फाटले, पण स्वारी खूश. पहिल्या महायुद्धात तिने कॅनडात टोरंटोच्या लष्करी रुग्णालयात जखमी सैनिकांची सेवा केली.

२८ डिसेंबर १९२० रोजी कॅलिफोर्नियात वडिलांनी दहा डॉलर मोजून तिला दहा मिनिटे विमानातून फिरवून आणले. जमीन काही शे फूट खाली गेली, तेव्हाच आपण हे शिकायचे असे तिने ठरवून टाकले. शिकायला पैसे लागत. मग तिने छायाचित्रे काढली, मालमोटार चालवली, टेलिफोन कंपनीत नोकरी केली. शिकवायला नेटा स्नूक नावाची एक स्त्रीच भेटली. तिच्या हाताखाली अमेलियाने १९२१च्या जानेवारीत धडे सुरू केले आणि त्याच वर्षी किनर कंपनीचे पिवळे धमक विमान घेतले. त्याचे लाडके नाव कॅनरी.

शिकण्याच्या त्या दिवसांतला एक प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो. दोघी एका मैदानावरून उडत असताना विमानाला हवी तेवढी उंची घेता येईना आणि समोर निलगिरीची झाडे आली. विमान कोसळले. नेटाने मागे वळून पाहिले तर अमेलियाने आदळण्याआधीच इंजिनाचा स्विच बंद केला होता आणि आता ती नाकाला पावडर लावत होती. बातमीदार येतील, तेव्हा चेहरा नीट दिसावा म्हणून! पावडरीची गोष्ट सगळे रंगवून सांगतात. मला मोल वाटते ते स्विचचे. पडलेल्या विमानात टाकी फुटते, नळ्या तुटतात आणि पेट्रोल सांडते. माणसे मार लागून जितकी मरतात, तितकीच भीती त्यानंतरच्या आगीची असते. स्विच बंद केला की इंजिनातली ठिणगी तरी थांबते. नवशिकी मुलगी, झाडे अंगावर येताहेत आणि तिचा हात आपोआप योग्य ठिकाणी जातो.

पुढे पैशाची ओढगस्त झाली. कॅनरी विकावे लागले, आईवडिलांची फारकत झाली. अमेलिया बॉस्टनला परदेशातून आलेल्या गरीब कुटुंबांच्या वस्तीत समाजसेविकेचे काम करू लागली. इथूनच तिला १९२८ साली प्रकाशक जॉर्ज पुटनम याने शोधून काढले. अटलांटिक ओलांडणाऱ्या विमानात पहिली स्त्री बसवायची होती. विमान चालवणार स्टुल्ट्झ, मदतीला गॉर्डन, आणि ही नुसती बसणार. न्यूफाउंडलंडच्या ट्रेपासी बंदरात ते कित्येक दिवस अडकून पडले, कारण पेट्रोलने भरलेले विमान पाण्यावरून उठेचना. अखेर पेट्रोलचे जादा डबे उतरवून ठेवले तेव्हा कुठे ते उठले. २० तास ४० मिनिटांनी १८ जूनला ते वेल्समधल्या बरी पोर्टला उतरले आणि सारे जग या मुलीवर फुले उधळू लागले. तिला मात्र आपण बटाट्याच्या पोत्यासारख्या आलो, ही खंत पोखरत राहिली. पुटनमशी तिने १९३१ साली लग्न केले, तेही त्याला एक लेखी करारवजा पत्र देऊन. ती कथा वेगळी आहे, पुन्हा केव्हातरी.

बटाट्याच्या पोत्याचा डाग पुसायला तिने २० मे १९३२ चा मुहूर्त धरला. लिंडबर्गने एकट्याने अटलांटिक ओलांडायला निघाल्याला त्या दिवशी बरोबर पाच वर्षे होत होती. विमान होते लॉकहीड व्हेगा, तांबडे लाल, एकच इंजिन. आणि हे लक्षात घ्या, वाचकहो, त्याचे धूड लाकडी होते. पातळ फळ्या सरसाने चिकटवून केलेले. त्या लाकडी पेटीत ४२० गॅलन, म्हणजे सुमारे १,६०० लिटर पेट्रोल भरून ती संध्याकाळी न्यूफाउंडलंडच्या हार्बर ग्रेसहून एकटी निघाली. बरोबर खाणे म्हणावे तर डब्यातला टोमॅटोचा रस. चहा-कॉफी ती पीत नसे, झोप उडवायला हुंगायच्या क्षारांची कुपी होती.

काही तास चांगले गेले. मग उंची दाखवणारे यंत्र बंद पडले. समुद्रावर अंधारात आपण किती वर आहोत हे कळत नाही, याचा अर्थ ज्याचा त्याने समजावा. मग वादळ आले. आणि त्यातच तिला समोर इंजिनाच्या बाजूला एक ज्वाळा दिसली. इंजिनात नऊ सिलिंडर, त्यांतून निघणारा जळका वायू बाहेर नेणाऱ्या नळीचा एक सांधा उकलला होता आणि त्या भेगेतून आग बाहेर डोकावत होती. दिवसा ती कदाचित दिसलीही नसती. रात्री ती डोळ्यांत भरत होती. पुढे तिने कबूल केले, की तिकडे पाहिले नसते तर बरे झाले असते.

परत फिरावे? मला वाटते, इथे घरात बसून आपण पटकन हो म्हणू. पण टाक्या अजून बऱ्याच भरलेल्या होत्या आणि मागे दिवे नसलेली धावपट्टी. पेट्रोलने जड झालेले लाकडी विमान अंधारात जमिनीवर आदळणे म्हणजे हाताने चिता रचण्यासारखेच. पुढे जाण्यात निदान पेट्रोल दर तासाला कमी होत होते. ती पुढे गेली. वर चढली तर पंखांवर बर्फ धरले, विमान गरगरत खाली आले, लाटांचे फेस दिसू लागले तेव्हा कसेबसे सावरले. मग बर्फ आणि लाटा यांच्या मधल्या पट्ट्यात तिने रात्र काढली. भेग तासातासाने वाढत होती, नळी थरथरत होती.

पहाटेनंतर राखीव टाक्यांचे पेट्रोल सुरू केले तेव्हा शेवटचे संकट उघडे पडले. पेट्रोल किती आहे हे दाखवणारे यंत्र डोक्याच्या वरच्या बाजूला होते, ते गळू लागले. थेंब तिच्या मानेवरून, खांद्यावरून ओघळू लागले. कोठडी वासाने भरली. चार हातांवर उघडी ज्वाळा आणि अंगावर पेट्रोल! माझे स्नेही जमिनीवर, थंड इंजिनापाशी, एका थेंबाला घाबरून उतरले होते.

तिला जायचे होते पॅरिसला. लिंडबर्गसारखे थेट पॅरिसला उतरायचे, हाच तर सगळा डाव. पण आयर्लंडची किनारपट्टी दिसताच तिने पॅरिस सोडून दिले. रेल्वेचा एक रूळ सापडला, त्याच्या आधाराने गाव शोधले, विमानतळ दिसेना तेव्हा लंडनडेरीजवळ कलमोर इथल्या एका कुरणात, गाईंची धांदल उडवीत ती उतरली. जवळजवळ १५ तास झाले होते. एकटीने अटलांटिक ओलांडणारी ती पहिली स्त्री ठरली. त्या रात्री तिने दाखवलेल्या हिमतीचे पोवाडे पुष्कळ आहेत. मला तिचे सगळ्यांत मोठे शहाणपण त्या कुरणात दिसते. जगाच्या टाळ्या पॅरिसला वाट पाहत असताना गाईंमध्ये उतरणे सोपे नसते.

याच १९३२ सालच्या १५ ऑक्टोबरला आपले जेआरडी टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला टपाल घेऊन आले, तेही एका इंजिनाच्या लहानशा पस मॉथ विमानातून. विमाने तशीच होती तेव्हा. रबरी नळ्या कडक होत, हादऱ्यांनी नट ढिले पडत, सांधे उकलत. आजच्या छोट्या विमानातही मूळ दुखणी हीच आहेत. म्हणून तर इंजिन आणि माणसे यांच्यामध्ये न जळणारा पत्रा असतो आणि आग लागली की पहिले काम म्हणजे पेट्रोलचा कॉक बंद करणे, हे शिकाऊ पोराकडूनही घोकून घेतात.

१९३५च्या जानेवारीत अमेलिया होनोलुलूहून ऑकलंडला एकटी उडाली. आजवर कोणीच, पुरुषानेही, ते केले नव्हते. मग उरली पृथ्वीप्रदक्षिणा, तीही विषुववृत्ताच्या जवळून, लांबात लांब वाटेने. पर्ड्यू विद्यापीठाच्या मदतीने तिला १९३६ साली दोन इंजिनांचे, धातूचे लॉकहीड इलेक्ट्रा मिळाले. प्रवाशांच्या खुर्च्या काढून तिथे पेट्रोलच्या टाक्या बसवल्या. सगळ्या मिळून सुमारे ११५० गॅलन मावत. भरल्यावर नुसत्या पेट्रोलचे वजन तीन टनांच्या वर. वैमानिक पुढे, दिशा सांगणारा मागे आणि मध्ये या टाक्या. एकमेकांशी बोलणे इंजिनांच्या आवाजात अशक्य, म्हणून बांबूच्या काठीला चिठ्ठी अडकवून ती टाक्यांवरून पुढे सरकवायची! पेट्रोलच्या गोदामात बसून जगाला फेरी मारायची होती म्हणा ना.

पहिला प्रयत्न २० मार्च १९३७ रोजी हवाईतल्या ल्यूक फील्डवर फसला. वेगात धावणारे विमान एका बाजूला ओढले गेले, गर्रकन फिरले, चाके मोडली आणि पोटावर घसरत गेले. धातू काँक्रीटवर घासून ठिणग्या उडत होत्या आणि पेट्रोल धावपट्टीवर सांडत होते. पाहणाऱ्यांनी आशा सोडली असेल. पण आग लागली नाही. यात दैव होतेच, पण अमेलियाने स्विच बंद केलेले होते. निलगिरीच्या झाडांना सोळा वर्षे होऊन गेली होती, हात तोच होता.

विमान बोटीने परत नेऊन दुरुस्त केले. मे महिन्यात ती पुन्हा निघाली, या वेळी उलट, पूर्वेच्या दिशेने. आणि अमेरिकेची हद्दही ओलांडली नव्हती तोच ॲरिझोनातल्या टुसॉनला, कडक उन्हात डावे इंजिन चालू करताना फाटकन आवाज झाला आणि इंजिनाने पेट घेतला. तापलेले इंजिन चालू करताना अशी आग लागणे ही लहान विमानांची जुनी खोड आहे. पेट्रोल जास्त होते, इंजिन उलटी ढेकर देते आणि ज्वाळा उलट्या वाटेने बाहेर येते. जमिनीवर धड आग विझवण्याची साधनेही नव्हती. इंजिनातच बसवलेल्या यंत्रणेने आग विझली, म्हणून थोडक्यात निभावले. काही रबरी भाग करपले तेवढे बदलले. कुठल्याही घरात पहिल्याच पावलाला असे झाले असते तर वडीलधाऱ्यांनी प्रस्थान रद्द केले असते.

१ जूनला मायामी सोडून, दक्षिण अमेरिका, अटलांटिक, आफ्रिका मागे टाकून ती १५ जूनला कराचीला उतरली. हे शहर वर्षभरापूर्वीपर्यंत मुंबई इलाख्यातच होते. तांबड्या समुद्राकडून थेट हिंदुस्थानात त्याआधी कोणी असे न थांबता आले नव्हते. तिथे ती आणि तिचा जोडीदार फ्रेड नूनन उंटावर बसले, तिने न्यूयॉर्कला नवऱ्याशी टेलिफोनवर गप्पा मारल्या. १७ तारखेला कलकत्ता. डमडमचे मैदान पावसाने भिजलेले, दुसऱ्या दिवशी जड विमान चिखल तुडवीत कसेबसे समोरच्या झाडांवरून गेले. पुढे ब्रह्मदेशाच्या किनाऱ्यावर आपल्या मान्सूनने तिला असे झोडपले की पंखांच्या कडांचा रंग उडाला.

आता माझी एक तक्रार. जी बाई एका गळक्या यंत्रापायी पॅरिस सोडून देते, तिने बिनतारी यंत्राकडे इतके दुर्लक्ष कसे केले? लोंबणारी लांब तार तिने पुढच्या प्रवासात बरोबर ठेवली नाही. तिला आणि नूननला मोर्स संकेतांचा सराव पुरेसा नव्हता. पेट्रोलचा धोका तिने अंगावर झेलला होता, त्याचा वास तिच्या ओळखीचा होता. न ऐकू येणाऱ्या लहरींना वास नसतो.

२ जुलै १९३७ रोजी सकाळी न्यू गिनीतल्या ले इथून सुमारे ११०० गॅलन पेट्रोल घेऊन ती निघाली. जायचे होते २,५५६ मैलांवरच्या हाउलंड बेटावर. बेट कसले, लांबीला दोन किलोमीटर आणि रुंदीला एकही पुरा नाही. जवळ इटास्का हे अमेरिकन जहाज तिची वाट पाहत उभे होते. पहाटेनंतर तिचा आवाज मोठा आणि स्पष्ट येऊ लागला, म्हणजे ती जवळ होती. पण जहाजाचे बोलणे तिला ऐकू जात नव्हते. पावणेआठच्या सुमारास तिने कळवले की जहाज दिसत नाही आणि पेट्रोल संपत आले आहे. आयुष्यभर पेट्रोल जास्त झाल्याची, सांडल्याची, पेटल्याची काळजी केली आणि शेवटी ते कमी पडले.

इटास्काने बॉयलरमधून काळ्या धुराचे लोट सोडले, तिला लांबून दिसावेत म्हणून. तो धूर तिने पाहिला असल्याची कुठलीच खूण नाही. पावणेनऊच्या सुमारास एक शेवटचा संदेश आला, मग काही नाही. अमेरिकेच्या आरमाराने विमानवाहू जहाज लेक्सिंग्टनसह १९ जुलैपर्यंत समुद्र धुंडाळला. ५ जानेवारी १९३९ रोजी न्यायालयाने तिला मृत घोषित केले. इलेक्ट्रा सापडल्याचे अनेकदा जाहीर झाले, पण आजवर एकही दावा सिद्ध झालेला नाही.

ते लाकडी, लाल व्हेगा मात्र आहे. अमेलियाने ते १९३३ साली विकले. आज ते वॉशिंग्टनच्या विमान संग्रहालयाच्या मालकीचे आहे. त्याचे छायाचित्र मी त्या स्नेह्यांना दाखवायला नेले, तर त्यांनी आधी चष्मा लावून विमानाच्या पोटाखालची बाजू निरखली आणि मग वर पंख्याकडे पाहिले.